फरशी पायांना विचारून निवडा

वैशाली नगरात किंवा भिलाईच्या दुसऱ्या कुठल्याही वस्तीत ज्यांच्या घरी यंदा फरशी बदलायचं घाटतं आहे, त्यांनी दुकानाची पायरी चढण्याआधी हे एकदा वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे. भिंतीचा रंग दोन वर्षांनी बदलता येतो, पडदे उतरवता येतात, सोफा विकून टाकता येतो. फरशीचं तसं नाही. ती एकदा बसली की वीस-पंचवीस वर्षं तिच्यावरच चालायचं, तीच झाडायची आणि तीच पुसायची. खर्चही असा, की बहुतेक घरांत तो आयुष्यभराच्या पुंजीतून करावा लागतो.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. घरात ज्याचे पाय सर्वांत थकले आहेत त्याला, आणि जी व्यक्ती रोज वाकून फरशी पुसते तिला, आधी विचारा. पाहुण्यांना काय आवडेल आणि फोटोत काय उठून दिसेल, हे मागाहून बघता येईल.

भिलाईत हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. १९५५ साली इथल्या पोलाद प्लांटसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून विदर्भातून मराठी माणसं प्लांटच्या नोकरीसाठी इकडे येत राहिली. उमेदीची वर्षं सेक्टरच्या क्वार्टरांत गेली. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर कुणी वैशाली नगरात, कुणी नेहरू नगरात घर बांधलं. ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात. ती सुटीवर येतात, जुनी मोझॅकची फरशी बघतात आणि प्रेमापोटीच म्हणतात, “बाबा, हे सगळं काढून टाकू, चकाचक व्हिट्रिफाइड बसवू.” हेतूबद्दल शंकाच नाही. पण त्या चकाचक फरशीवर पाण्याचे चार थेंब सांडले की सर्वांत आधी आईचाच पाय सरकतो. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून निवड नीट व्हायला हवी.

दुसरी गोष्ट इथल्या हवा-पाण्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. धूळ बारमाही असते, आणि ती बारीक, कणीदार असते. शिवाय दुर्ग जिल्ह्याच्या जमिनीखाली चुनखडक आहे. जामुलचा सिमेंट कारखाना त्याच्याच जोरावर उभा राहिला, आणि प्लांटला लागणारा चुनखडक नंदिनीच्या खाणीतून येतो. तोच चुना आपल्या बोअरच्या पाण्यात उतरतो. पाणी जड असतं, आणि फरशीवर वाळलं की पांढरा थर सोडतं. ऊन, धूळ आणि जड पाणी या तिन्हींशी जिचं जमेल, तीच फरशी आपल्या घरात टिकेल.

जुनी फरशी खरंच काढायची आहे का?

तोडफोडीचा निर्णय घेण्याआधी एक दुपार जुन्या फरशीला द्या. रुपयाचं नाणं किंवा लाटण्याचं टोक घेऊन एकेक फरशी हलकेच ठोका. खाली मसाला घट्ट असेल तर आवाज भरीव येतो. खाली पोकळी असेल तर तो लगेच वेगळा कळतो. पोकळ वाजणाऱ्या फरश्यांवर खडूने फुली मारा. शंभरातल्या पाच-सहाच पोकळ असतील, तर तेवढ्याच काढून पुन्हा बसवता येतात. सगळं घर उकरायची गरज नाही.

मोझॅकची फरशी मळकट दिसते म्हणजे ती संपली असं नाही. ती सिमेंट आणि संगमरवराच्या खड्यांची असते. मशीनने आधी जाड, मग मध्यम, मग बारीक दगडाने घासून शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पॉलिश केली की आतले खडे पुन्हा उजळतात. कोटा आणि शहाबादी फरशीलाही घासाई करता येते. स्वदेशीच्या प्रेरणेतून १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्सच्या सिमेंटच्या नक्षीदार फरश्या तिथल्या जुन्या घरांत आजही पायाखाली आहेत. चांगल्या सिमेंटच्या फरशीला निगा मिळाली तर ती दोन-तीन पिढ्या काढते. घासाईचा खर्च नवी फरशी बसवण्याच्या मानाने बराच कमी येतो, आणि घरातून मलब्याचे ट्रक निघत नाहीत.

अंगणात किंवा व्हरांड्यात छत्तीसगढचा खडबडीत फर्शी पत्थर असेल तर तो कृपा करून काढू नका. पावसात त्याच्यावर पाय ठरतो. तिथे गुळगुळीत टाइल बसवून पहिल्या पावसात घसरणारी घरं या गावात कमी नाहीत.

जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवायचा पर्याय मिस्त्री हल्ली सुचवतात. खालची फरशी भरीव असेल आणि चांगलं अ‍ॅडेसिव्ह वापरलं तर ते चालतं. पण त्यामुळे जमीन अर्ध्या इंचाहून जास्त वर येते. दारं खालून कापावी लागतात. दोन खोल्यांच्या मध्ये जी छोटीशी पायरी तयार होते, ती डोळ्यांना दिसत नाही, पण म्हाताऱ्या माणसाचा अंगठा तिलाच अडतो. हे काम करायचंच असेल तर सगळ्या खोल्यांत एकाच पातळीवर करा. नाहीतर करू नका.

टाइल घेताना

दुकानात नावं पुष्कळ ऐकू येतात. त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: टाइल पाणी किती पिते? व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. जमिनीसाठीच्या सिरॅमिक टाइलमध्ये हे प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असतं. भिंतीची टाइल १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. ती हलकी आणि ठिसूळ असते, म्हणून स्वस्त मिळाली तरी जमिनीवर कधीही बसवू नका. फरक ओळखायचा असेल तर टाइल उलटी करा आणि मागच्या बाजूला, जिथे लकाकी नसते तिथे, पाण्याचे चार थेंब टाका. भिंतीची टाइल ते थेंब बघता बघता पिऊन टाकते आणि तिथे काळपट डाग पडतो. व्हिट्रिफाइडवर थेंब तसेच राहतात, कपड्याने टिपता येतात. एवढी परीक्षा दुकानदारासमोर करायला संकोच वाटू देऊ नका.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. ‘डबल चार्ज’मध्ये वरचा तीन-चार मिलिमीटरचा थरच रंगीत असतो, त्यामुळे झीज झाली तरी रंग लवकर जात नाही. ‘जीव्हीटी’मध्ये वर चित्र छापून त्यावर काचेसारखा थर चढवतात. लाकूड, संगमरवर, दगड अशी हुबेहूब नक्कल त्यातच मिळते. पण धुळीचे खडे पायाखाली रगडले गेले की आधी त्या थरावर ओरखडे येतात. रस्त्यालगतच्या, धुळीच्या घरात बैठकीच्या खोलीला डबल चार्ज घ्यावी. जीव्हीटी घ्यायचीच असेल तर मॅट घ्यावी. लकाकीच्या थराची झीज किती सोसते हे सांगणारा ‘पीईआय’ नावाचा आकडा ० ते ५ असा असतो. बैठकीच्या खोलीला तो ३ किंवा त्याहून जास्त आणि पोर्चला ४ असावा.

घसरण्याबद्दलचा आकडा याहून महत्त्वाचा आहे. तो ‘आर ९’पासून ‘आर १३’पर्यंत जातो. जितका मोठा, तितकी पकड जास्त. न्हाणीघर आणि संडासात आर १० पेक्षा कमी नको. पोर्च, जिना, गच्ची आणि भांडी घासायच्या जागेला आर ११ घ्या. पुष्कळ कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये हा आकडा छापलेला असतो. दुकानदार “सगळ्या सारख्याच असतात” म्हणाला, तर कॅटलॉग मागून घ्या.

आकड्यांवरही भागत नाही. निवडलेल्या टाइलचा एक नमुना घरी आणा. तो जमिनीवर पक्का ठेवा, त्याच्यावर साबणाचं पाणी टाका आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याच्यावर अनवाणी एक पाऊल ठेवायला सांगा. त्या वेळी दोघांनी दोन्ही बाजूंनी त्यांचे हात धरायलाच हवेत. पाय ठरतो की सरकतो, हे क्षणात कळतं. तोच नमुना मग दोन दिवस खिडकीशी ठेवा. बोअरचं पाणी शिंपडून वाळू द्या आणि किती पांढरं दिसतं ते बघा. काळी किंवा गडद तपकिरी चकचकीत टाइल दुकानात राजेशाही दिसते, पण आपल्या पाण्यात तिच्यावर प्रत्येक थेंबाचा ठसा उमटतो. अगदी पांढरीवर धूळ लगेच दिसते. मधला, किंचित ठिपक्यांचा, मातकट किंवा राखाडी रंग पुसणाऱ्याचे कष्ट निम्मे करतो.

आता हिशेब. देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात, आणि भट्टीच्या प्रत्येक खेपेचा रंग किंचित वेगळा निघतो. म्हणून एका खोलीचा सगळा माल एकाच खेपेचा हवा. प्रत्येक पेटीवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो. माल उतरवताना सगळ्या पेट्यांवर तो एकच आहे ना, हे वाचून घ्या. दोन वेगवेगळ्या पेट्यांतली एकेक टाइल काढून दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवून बघा. किती पेट्या लागतील याचं उदाहरण घेऊ. खोली १२ बाय १५ फुटांची असेल तर क्षेत्रफळ १८० चौरस फूट. कापाकापी आणि तुटफुटीसाठी १० टक्के वाढवले की १९८. दोन बाय दोन फुटांच्या टाइलच्या पेटीत साधारण चार टाइल्स, म्हणजे सुमारे साडेपंधरा चौरस फूट. हिशेबाने तेरा पेट्या लागतात. तुम्ही चौदा घ्या. ती जास्तीची पेटी माळ्यावर ठेवून द्या, कारण पाच वर्षांनी एक टाइल फुटली तर तोच रंग बाजारात मिळणार नाही. तिरकी रचना करायची असेल तर १५ टक्के वाढवा.

बिल पक्कं घ्या. त्यावर कंपनी, प्रकार, दर्जा आणि बॅच लिहून घ्या. ‘प्रीमियम’ सांगून ‘कमर्शियल’ दर्जाचा माल दिला गेला, तर हातात कागद असल्याशिवाय दाद मागता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तो फोनमध्ये नोंदवून ठेवा.

बसवताना डोळ्यांसमोर राहा

उत्तम टाइलही वाईट बसवली तर वाया जाते. उन्हाळ्यात काही घरांत भर दुपारी फाडकन आवाज होतो आणि खोलीच्या मधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या वर उचलल्या जातात. लोक टाइलला दोष देतात, पण कारण बहुतेक वेळा सांध्यात असतं. टाइल तापली की प्रसरण पावते. पंधरा फुटांच्या ओळीत २५ अंशांचा फरक पडला तर ती ओळ सुमारे पाऊण मिलिमीटर लांब होते. त्यात नवा स्लॅब सुरुवातीचे काही महिने वाळताना आकसत असतो. टाइल वाढते, स्लॅब आकसतो, आणि सांधे ठेवलेलेच नसतील तर ताण निघायला वर उचलण्याशिवाय वाट राहत नाही.

म्हणून “साहेब, बिनसांध्याची एकदम सलग दिसेल” असं मिस्त्री म्हणाला तरी ऐकू नका. दोन टाइल्समध्ये २ ते ३ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे स्पेसर लावायला सांगा. भिंतीच्या कडेला आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी ठेवा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ती फट मसाल्याने भरून टाकू देऊ नका.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही. तिच्यासाठी टाइल अ‍ॅडेसिव्हच वापरा. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने संपूर्ण पाठीला पसरलेलं हवं. चार कोपऱ्यांना आणि मध्ये एकेक गोळा लावून टाइल दाबली की खाली पोकळी राहते, आणि जड कपाटाचा पाय नेमका त्या पोकळीवर आला की टाइल तडकते. काम चालू असताना एखादी ताजी बसवलेली टाइल उचलून मागची बाजू बघा. सगळीकडे मसाला लागलेला दिसला पाहिजे.

न्हाणीघरात दोन गोष्टी सोडू नका. टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्या. मग मोरीचं तोंड बंद करून तिथे दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या छताला किंवा बाहेरच्या भिंतीला ओल येते का ते तपासा. दुसरी गोष्ट उताराची. चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच इतका उतार मोरीकडे हवा. टाइल बसल्यावर मिस्त्रीला पैसे देण्याआधी एक बादली पाणी ओता. पाणी कुठे साचलं, तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं आणि पुढे पाय तिथेच घसरतो.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या सांध्यांना इपॉक्सी ग्राउट भरा. ते महाग पडतं, पण तेल, हळद आणि साबण त्यात मुरत नाही. पांढरं सिमेंट भरलं तर वर्षभरात पिवळं-काळं होतं आणि घरातलं कुणीतरी ब्रश घेऊन ते घासत बसतं.

आणि जी माणसं आपल्या घरात हे काम करतात, त्यांचा विचार करा. कटरने कोरडी टाइल कापली की पिठासारखी धूळ उडते. तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्या आजाराला बरं करणारं औषध नाही. मिस्त्रीला पाणी सोडून टाइल कापायला सांगा आणि ते काम घराबाहेर करू द्या. मिस्त्रीला, कुलीला आणि रेजाला चांगले मास्क द्या. दोन लाखांच्या फरशीत मास्कचा खर्च जाणवतही नाही.

गालिचा हवा तर कोणता

भिलाईत वर्षातले आठ-नऊ महिने पायाला गार फरशीच बरी वाटते. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला कार्पेट इथे नकोच. त्याच्या खाली पावसाळ्यात ओल धरते, तो उचलून झटकता येत नाही, आणि आत शिरलेली धूळ कायमची घरात राहते. घरात दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी असेल तर त्याच्या झोपायच्या खोलीत कसलाही लवदार गालिचा नको. उबदार, दमट लवीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात आणि त्यांनीच रात्री खोकला सुरू होतो. तिथे सुती सतरंजी अंथरा, दर पंधरा दिवसांनी धुऊन उन्हात घाला.

बैठकीसाठी घेतलेला गालिचा एवढाच असावा, की घरातली दोन माणसं तो उचलून गच्चीवर नेऊ शकतील.

घेताना आधी त्याचा कोपरा उलटा करा. हातगाठीच्या गालिच्यात समोरची नक्षी मागच्या बाजूलाही गाठी-गाठींनी स्पष्ट दिसते, आणि कडेची झालर म्हणजे ताण्याचेच सुटे धागे असतात. ‘टफ्टेड’ गालिच्याच्या मागे कापड चिकटवलेलं असतं आणि झालर वरून शिवलेली असते. तो वाईट असतोच असं नाही, पण त्याला हातगाठीची किंमत मोजू नका. कारण मागचा चिकट थर काही वर्षांनी सुकून त्याची पूड पडायला लागते. मग ओल्या पांढऱ्या रुमालाने गालिच्याचा एखादा गडद भाग घासा. रुमालाला रंग लागला तर तो धुताना पसरणारच.

धागा लोकरीचा आहे म्हणून सांगितलं तर कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि घरी बशीत, सावधपणे पेटवा. लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. प्लॅस्टिकचा धागा वितळून त्याची कडक गोळी होते. पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा स्वस्त, धुवायला सोपा आणि मुलांच्या घराला ठीक, पण त्याची लव लवकर बसते आणि ठिणगीने तो वितळतो. तो देवघरापाशी, निरांजन-उदबत्तीजवळ अंथरू नका. ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकतात ते बहुधा व्हिस्कोस असतं. ते रेशमासारखं चमकतं, पण एकदा भिजलं की कडक आणि पिवळट होतं. मुलाबाळांच्या घरात ते घेऊच नये.

चांगले हातगाठीचे गालिचे भदोही-मिर्झापूर भागात आणि काश्मीरमध्ये विणले जातात. या धंद्यात लहान मुलांना राबवलं जात होतं. त्याविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ साली ‘रगमार्क’ ही खूण सुरू झाली, तीच आज ‘गुडवीव्ह’ म्हणून ओळखली जाते. भारी गालिचा घेणार असाल तर ती पट्टी आहे का, हे विचारा. आपल्या मुलांच्या पायाखाली दुसऱ्याच्या मुलांचे कष्ट नकोत.

गालिचा कुठलाही असो, त्याच्या खाली रबराची जाळीदार, न घसरणारी चटई हवीच. वळलेला कोपरा दिसला तर त्याच दिवशी सरळ करा किंवा गालिचा उचलून ठेवा. म्हातारी माणसं ओल्या फरशीवर घसरतात, तशीच गालिच्याच्या कडेला अडखळतात.

रोजची निगा

फरशी आधी कोरडी झाडा, मगच ओलं फडकं लावा. धूळ न काढता ओला पोछा मारला की आपल्याकडची कणीदार धूळ फरशीवर घासली जाते आणि वर्षा-दोन वर्षांत चकाकी मरते. दोन बादल्या ठेवा, एकीत फडकं भिजवायला आणि दुसरीत पिळायला. फिनेल बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. जास्त घातल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही, वर चिकट थर बसतो आणि त्याच्यावर धूळ धरते. शेवटी कोरडं फडकं फिरवा. जड पाण्याचा पांढरा थर मुळात बसूच न देण्याचा तोच उपाय आहे.

थर बसलाच असेल तर टाइलवर निम्मं पाणी घातलेला व्हिनेगर लावून पाच मिनिटांत धुऊन टाका. पण मोझॅक, कोटा, शहाबादी किंवा संगमरवरावर घरच्या घरी व्हिनेगर, लिंबू, आम्ल काहीच लावायचं नाही. पाण्यातला जो चुना आपल्याला काढायचा असतो, तोच त्या दगडात असतो. आम्ल डागाबरोबर दगडही खातं.

दारावर बाटल्यांतून विकायला येणारं ‘अ‍ॅसिड’ कृपा करून घेऊ नका. ते सिमेंटचे सांधे पोखरतं, नळाचा मुलामा घालवतं आणि डोळ्यांत गेलं तर डोळा जाऊ शकतो. संडास साफ करायचं आम्लयुक्त द्रव आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर चुकूनही करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही हे नीट समजावून सांगा.

सणावारांचं थोडं सांगतो. रांगोळीची पूड दगडाची असते. चकचकीत टाइलवरची रांगोळी ओल्या फडक्याने घासून काढू नका, मऊ कुंच्याने उचलून मग पुसा. आपल्या छत्तीसगढी शेजारणी तांदळाच्या पिठाचा चौक पुरतात, टाइलला तेच जास्त सोसतं. समईखाली ताटली ठेवा, कारण कोटा आणि संगमरवरात मुरलेलं तेल निघत नाही. सुती सतरंजीला हळद लागली तर ती धुऊन उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाने विटतो.

गालिच्यावर काही सांडलं तर घासू नका. पांढऱ्या सुती कपड्याने कडेकडून मध्याकडे टिपत जा, मग थोडं गार पाणी लावून पुन्हा टिपा. दुधाच्या डागाला गरम पाणी लावलं तर तो पक्का होतो. तूप-तेल सांडलं तर त्यावर मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर पसरा, काही तासांनी झटकून टाका. गालिचा आठवड्याला झाडा, महिन्याला गच्चीवर नेऊन मागच्या बाजूने बडवा आणि सहा महिन्यांनी फिरवून अंथरा, म्हणजे एकाच बाजूने झिजणार नाही.

जूनच्या मध्यावर पाऊस यायच्या आत गालिचे उचला. आधी पूर्ण स्वच्छ आणि कोरडे करा, लव आत घेऊन गुंडाळी करा आणि जुन्या सुती चादरीत बांधून आडवे ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, आत बुरशी येते. कसर मळक्या लोकरीला आधी लागते. कडुनिंबाचा पाला घाला, पण नुसत्या पाल्यावर विसंबू नका. महिन्यातून एकदा उघडून बघा.

फरशी बदलायची वाट न बघता

फरशी बदलणं पैशांचं आणि वेळेचं काम आहे, कदाचित यंदा जमणार नाही. पण घरातली म्हातारी माणसं आजच त्या फरशीवर चालत आहेत. म्हणून सुटीवर आलेल्या मुला-मुलींना आणि सुनांना-जावयांना एक विनंती आहे. येत्या रविवारी सुपेल्याच्या बाजाराला निघालातच, तर न्हाणीघरासाठी रबराची चटई आणा. संडासाशेजारच्या आणि नळाशेजारच्या भिंतीत, विटांपर्यंत पक्क्या बोल्टने, हाताला धरायचे स्टीलचे दांडे बसवून घ्या आणि स्वतःचा पूर्ण भार टाकून ते तपासा. झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा. वळलेली पायपुसणी फेकून द्या. हे एका दिवसाचं काम आहे आणि त्याला टाइलच्या दोन-चार पेट्यांहून जास्त खर्च येत नाही. हे आधी करा, फरशीचं नंतर सावकाश ठरवा.